फ्रेंड्स: थँक्सगिव्हिंगच्या फ्लॅशबॅकवाल्या भागातले घोळ

जाईजुई

फ्रेंड्स या सहा मित्रमैत्रिणींच्या अमेरिकन मालिकेचे थँक्सगिव्हिंगचे (अमेरिकेतला नोव्हेंबरातला सहकुटुंब जेवणाचा सण) भाग मला बाकी सगळ्या भागांपेक्षा जास्त आवडतात आणि त्यातही पाचव्या सीझनचा आठवा भाग तर फारच. १९ नोव्हेंबर १९९८ ला अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलेला. सगळे दाबून जेवलेत, कुणाला जागचं हलवत नाहीये आणि आपला आजवरचा सगळ्यात वाईट थँक्सगिव्हिंग कुठला हे एकेक जण सांगतोय, एवढीच गोष्ट. मग फ्लॅशबॅक सुरू होतात, १९८७, १९८८, १९९२, आणि फीबीचे तर थेट मागच्या जन्मातले. पण मालिका पहिल्यापासून ओळीने बघितली असेल तर हा भाग बघताना सारखी ठेच लागते, म्हणून हा धागा काढतेय. स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी आधी बघून या.

सगळ्यात मोठा घोळ बहुतेकांना माहितीये, चँडलर आणि रेचलची ओळख. पहिल्याच भागात, सप्टेंबर १९९४ मध्ये, रेचल लग्नाच्या ड्रेसमध्ये भिजलेली सेंट्रल पर्क या त्यांच्या नेहमीच्या कॅफेत येते तेव्हा मोनिका तिला हा चँडलर, ही फीबी, हा जोई अशी एकेकाची नावं सांगते आणि रॉसपाशी आली की म्हणते, माझा भाऊ तुला आठवतोय ना? म्हणजे त्या टोळक्यातला रेचलच्या ओळखीचा फक्त रॉस, बाकी सगळे नवे. आणि या भागात काय दिसतं, तर १९८७ ला रॉस कॉलेजातला रूममेट म्हणून चँडलरला घरी जेवायला आणतो आणि रेचल तिथे हजर आहे. १९८८ ला पुन्हा तेच, आणि यावेळी तर चँडलरवर भुरळ कशी पाडायची हे मोनिकाला रेचलच शिकवते. त्या नादात मोनिकाच्या हातून चाकू पडतो, चँडलरच्या पायाच्या बोटाचं टोक तुटतं आणि हॉस्पिटलमध्ये बर्फात घालून नेलेलं ते बोट नसून गाजराचा तुकडा आहे असं कळतं. मैत्रिणीच्या हातून ज्याचं बोट तुटलं तो माणूस रेचल सहा वर्षांत विसरली?

दुसरा घोळ जोईचा. त्याची आठवण १९९२ ची आहे. चँडलरला घाबरवायला म्हणून जोई मोनिकाच्या घरी डोक्यात अख्खी टर्की (या सणाला भाजतात तो मोठा पक्षी) घालून बसतो आणि ती निघत नाही, फीबी पण आहे तिथे. आता तिसऱ्या सीझनचा सहावा भाग आठवा, तो 'तीन वर्षांपूर्वी'वाला, ३१ ऑक्टोबर १९९६ चा. तीन वर्षांपूर्वी म्हणजे १९९३. त्यात जोई चँडलरकडे रूममेट म्हणून नव्याने राहायला येतोय आणि मोनिकाची त्याची पहिली भेट आपल्याला दिसते. मग वर्षभर आधी हा तिच्या किचनमध्ये टर्की डोक्यात घालून काय करत होता?

तिसरं फीबीचं, पण ते चूक म्हणायचं की नाही यावर मला तुमची मतं हवीयेत. तिच्या मागच्या जन्मात ती अमेरिकेच्या यादवी युद्धात नर्स असते आणि पडद्यावर वर्ष येतं १८६२, म्हणजे थँक्सगिव्हिंग देशभर एकाच दिवशी पाळायला लागले त्याच्या आधीचं.

माझं मत विचाराल तर रेचलचा घोळ सगळ्यात मोठा असूनही मला तो चालतो आणि जोईचा छोटा असून खुपतो. कारण रेचलच्या घोळातून काहीतरी मिळालंय. मोनिका चँडलरचं प्रकरण लंडनमध्ये मे १९९८ ला सुरू झालं, म्हणजे या भागाच्या जेमतेम सहा महिने आधी, आणि तोवर हे दोघं एकत्र येतील असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं. या भागाने त्यांना अकरा वर्षं मागचं मूळ दिलं. चँडलर तिच्या हातचं मॅकरोनी चीज खाऊन सहज म्हणतो की तू शेफ हो आणि ती लगेच म्हणते, ओके! मोनिका शेफ का झाली याचं उत्तर तिथे आहे. त्याच जेवणाच्या दिवशी तो तिला जाडी म्हणालेलं तिच्या कानावर पडतं आणि ते तिने वर्षभर मनात ठेवलंय, तेही तिथेच आहे. आणि शेवटी ती टर्की डोक्यात घालून नाचते तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघून जातं की आय लव्ह यू. एवढं देणाऱ्या भागाने पहिल्या भागातली एक ओळ मोडली तर मोडू दे.

जोईच्या बाबतीत मात्र काहीच मिळालेलं नाही, आणि दुरुस्ती किती सोपी होती बघा. पडद्यावर १९९२ च्या जागी १९९३ लिहिलं असतं की झालं. जोई १९९३ मध्ये राहायला आला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टर्कीत अडकला, सगळं जुळतं. नुसता एक आकडा!


पाणपोई

मस्त धागा. १९९२ च्या जागी १९९३ हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, खरंच सगळं सरळ होतं त्याने.

रेचलच्या बाबतीत थोडी बाजू घेऊन बघतो. मुलगी लग्नातून पळून आलीये, भिजलीये, रडवेली आहे, मोनिका घाईघाईत सगळ्यांची नावं सांगतेय. चँडलरला रेचल पाच सहा वर्षांपूर्वी भेटलेली, तेव्हा त्याचे केस असे उभे फुलवलेले होते, त्या ऐंशीच्या दशकातल्या बँडसारखे. चेहरा ओळखीचा वाटला नसेल इतकंच. आपल्याला तरी कॉलेजातल्या मित्राच्या घरी दोनदा भेटलेली माणसं लक्षात राहतात का?


जाईजुई

@पाणपोई, रेचलचं मानलं तरी मोनिकाचं काय? तिला पक्कं माहितीये की हे दोघं भेटलेत, आणि तरी 'आठवतोय ना' ती फक्त रॉसबद्दल विचारते. शिवाय तुम्ही म्हणता तशी पाच सहा वर्षांची गॅप पण राहत नाही हो. तो जो १९९३ वाला भाग आहे त्यात रेचल लग्नाआधी मैत्रिणींबरोबर बारमध्ये येते आणि चँडलर तिथेच आहे. लग्नाआधी शेवटचं एकदा कुणाबरोबर तरी मजा करायची असं ती बोलते ते त्याच्या कानावर पडतं आणि हा खूश होतो. ते पहिल्या भागाच्या वर्षभर आधीचं.


उंबरठा

आणि दहावा सीझन विसरू नका! फेब्रुवारी २००४ मधला अकरावा भाग. त्यात परत १९८७ दाखवलंय, कॉलेजातली पार्टी, आणि तिथे रेचल चँडलरला किस करते. म्हणजे आता तर नुसती ओळख पण नाही राहिली. त्याच भागात रॉसला कळतं की अंधारात कोटांच्या ढिगाखाली आपण रेचलला किस केलं असं इतकी वर्षं समजत होतो ती मोनिका होती, म्हणजे स्वतःची बहीण. तो सीन बघताना आम्ही घरात सगळे किंचाळलो होतो.

तिथे मात्र माझं आणि धागाकर्तीचं जमत नाही. पाचव्या सीझनमध्ये घोळ घालून मोनिका चँडलर मिळाले हे मान्य. दहाव्यात परत १९८७ उघडून काय मिळालं? एक जोक. आणि त्यासाठी रॉसने आयुष्यभर जपलेल्या आठवणीची वाट लावली.


वहिनीसाहेब

रॉसचं वय राहिलंच की. पहिल्या भागात तो म्हणतो मी फक्त सव्वीस वर्षांचा आहे आणि माझा घटस्फोट झाला. ठीक. मग तिसऱ्या सीझनमध्ये एकोणतीस. चौथ्यात पण एकोणतीस. पाचव्यात पण एकोणतीस. तीन वर्षं एकाच वयाचा. आणि तुम्ही बोलताय तो थँक्सगिव्हिंगचा भाग नेमका पाचव्या सीझनचा, आणि पहिल्या भागातल्या सव्वीसवरून हिशोब केला तर १९९८ ला हा निदान तीस वर्षांचा होतो.

घराचा नंबर पण आठवा, सुरुवातीच्या भागांत मोनिकाच्या दारावर ५ आणि समोर मुलांच्या दारावर ४ होता, नंतर २० आणि १९ झाला. ते मात्र लक्षात आल्यावर मुद्दाम बदललेलं, कारण खिडकीतून दिसतं त्यावरून घर बरंच वरच्या मजल्यावर आहे आणि ४, ५ नंबर खालच्या मजल्यावरचे वाटतात.


ओसरी

वहिनी, नंबरचा बदल मला चूक वाटतच नाही. चूक दिसली, दुरुस्त केली, पुढे गेले. तसंच ते मोनिकाला एवढं मोठं घर परवडतं कसं, यावर नेटवर लोक भांडत असतात. त्याचं उत्तर मालिकेतच दिलंय, घर तिच्या आजीच्या नावावर जुन्या भाड्याने आहे. आणि सेंट्रल पर्कमधला तो एकच सोफा कायम यांच्यासाठी रिकामा कसा, तर टेबलावर रिझर्व्ह्डची पाटी ठेवलेली दिसते बऱ्याचदा. यातलं काहीही या यादीत घालू नका.


मोडीवाचक

१८६२ बद्दल सविस्तर लिहितो, कारण यात दोन्ही बाजूंना जागा आहे.

थँक्सगिव्हिंग देशभर एकाच दिवशी पाळायचा ही प्रथा अब्राहम लिंकनच्या ३ ऑक्टोबर १८६३ च्या जाहीरनाम्यापासूनची. त्यामागे सारा जोसेफा हेल या संपादिकेची कित्येक वर्षांची खटपट होती, तिने एकामागून एका राष्ट्राध्यक्षाला पत्रं लिहिली होती. लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरवला. मग १९३९ मध्ये रूझवेल्टने खरेदीचे दिवस वाढावेत म्हणून तो एक आठवडा अलीकडे आणला, त्यावरून देशात दोन तट पडले, काही राज्यांनी एक गुरुवार पाळला काहींनी दुसरा, आणि १९४१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून चौथा गुरुवार कायम केला. तेव्हा १८६२ म्हणजे राष्ट्रीय सणाच्या बरोबर एक वर्ष आधीचं.

पण १८६३ च्या आधी सण नव्हताच असं अजिबात नाही. राज्याराज्यांचे गव्हर्नर आपापला दिवस जाहीर करायचे, न्यू इंग्लंडमध्ये तर फार जुनी प्रथा, आणि तिकडचे सैनिक छावणीतही तो पाळत. फीबी जर मॅसॅच्युसेट्सच्या एखाद्या पलटणीबरोबर नर्स असेल तर १८६२ ला थँक्सगिव्हिंग असू शकतो. म्हणून मी याला चूक म्हणणार नाही, पण लेखकाने एवढा विचार केला असेल असंही वाटत नाही. त्याला यादवी युद्धातलं एक वर्ष हवं होतं.

शेवटी क्रेडिटच्या आधी फीबीचा अजून एक जन्म येतो, १९१५ चा, पहिल्या महायुद्धाचा. अमेरिका युद्धात उतरली एप्रिल १९१७ मध्ये. तिथेही वाट आहे, कारण अमेरिकन डॉक्टर आणि नर्सेस १९१४ पासूनच फ्रान्समध्ये स्वयंसेवक म्हणून काम करत होते, पॅरिसजवळ न्यूयीला त्यांचं मोठं हॉस्पिटल होतं. आणि त्या जन्मात फीबी अमेरिकनच असली पाहिजे असं तरी कुठे आहे?


पाणपोई

@मोडीवाचक, रूझवेल्टचं माहीतच नव्हतं. अख्ख्या देशाचा सण दुकानदारांसाठी आठवडाभर अलीकडे!


आडवाट

मी काही वर्षं मराठी डेली सोपच्या सेटवर कंटिन्युइटी बघायचं काम केलंय, त्या बाजूने लिहितो. दोन वेगळ्या गोष्टींची इथे सरमिसळ होतेय.

एक असते सेटवरची कंटिन्युइटी. कप कुठल्या हातात होता, ओढणी कुठल्या खांद्यावर, चहा किती उरला होता, केस कानामागे होते की पुढे. हे माझं काम. प्रत्येक शॉट कट झाला की फोटो काढायचा, वहीत लिहायचं, दुसऱ्या दिवशी तोच सीन पुढे न्यायचा असला की आर्टिस्ट मेकअप रूममधून बाहेर पडायच्या आधी सगळं तपासायचं. फ्रेंड्स बरबँकला वॉर्नर ब्रदर्सच्या स्टेजवर समोर प्रेक्षक बसवून शूट व्हायचं, एका वेळी अनेक कॅमेरे लावून. त्यामुळे एका टेकमध्ये सगळे अँगल एकदम मिळतात आणि खरंतर घोळ कमी व्हायला पाहिजेत. पण त्यांची पद्धत अशी की जोकवर प्रेक्षक हसले नाहीत तर लेखक तिथल्या तिथे नवीन ओळ लिहून द्यायचे आणि सीन परत घ्यायचा. मग एडिटला पहिल्या टेकचं अर्धं आणि चौथ्या टेकचं अर्धं जोडलं जातं, आणि रेचलचा कॉफीचा मग एका कटमध्ये टेबलावर, दुसऱ्यात हातात. एडिटरला ते दिसत नाही असं नाही. पण ज्या टेकमध्ये हशा चांगला आहे तोच घेणार ना तो? मी असतो तर मीही तोच घेतला असता.

दुसरी असते कथेची कंटिन्युइटी, कोण कोणाला कधी भेटलं, कोणाचं वय काय. ते लेखकांच्या खोलीत सांभाळायचं असतं. वर्षाला चोवीस पंचवीस भाग, दर सीझनला काही लेखक नवे, आणि हा भाग लिहिला गेला १९९८ मध्ये जेव्हा अख्खे सीझन बॉक्समध्ये विकत मिळत पण नव्हते, ते २००२ च्या आसपास यायला लागले. चार वर्षांपूर्वीच्या भागात मोनिकाने नेमकं काय वाक्य टाकलं होतं हे बघणाऱ्याला आठवणार नाही हा हिशोब तेव्हा बरोबर होता. आज कोणीही मोबाईलवर दोन भाग लागोपाठ लावून बघतो, तेव्हा हा हिशोब कुणाच्या स्वप्नातही नव्हता.


उंबरठा

हे पटलं. आपल्याकडे तर स्टार वर्ल्डवर रात्री जो लागेल तो भाग बघायचो, आज तिसरा सीझन उद्या सातवा, त्यामुळे कोण कधी कोणाला भेटलं याचा पत्ताच नसायचा. नेटफ्लिक्सवर ओळीने बघितल्यावर एकदम सगळं दिसायला लागलं.

आडवाट, ते रुंद स्क्रीनचं काय प्रकरण आहे? रेचलच्या जागी कोणीतरी दुसरीच बाई बसलेली दिसते म्हणतात.


आडवाट

हो, आहे ते खरं. मालिका ३५ मिमी फिल्मवर शूट झालेली, पण तेव्हाच्या चौकोनी टीव्हीसाठी फ्रेम लावलेली. २०१२ मध्ये ब्लू रे काढताना फिल्म परत स्कॅन करून रुंद केली, त्यामुळे आधी कडेला कापलेलं होतं ते आत आलं. नवव्या सीझनच्या एका भागात जोई बोलत असताना शेजारी रेचलच्या जागी स्टँड-इन, म्हणजे तिच्या बदली बसवलेली मुलगी स्पष्ट दिसते. मूळ शूट करणाऱ्यांची यात काहीही चूक नाही, त्यांच्या फ्रेममध्ये ती नव्हतीच. जो रुंद करायला बसला होता त्याने बघायला पाहिजे होतं.


सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे इतकी वर्षं काढल्यावर एक सांगावंसं वाटतं, की या भागात जे बरोबर पकडलंय त्याच्याकडे पण बघा. कॉलेजच्या मुलाने घरी जायला जागा नसलेल्या रूममेटला थँक्सगिव्हिंगला आणणं हे इतकं खरं आहे! आमच्याकडेही दरवर्षी मुलाबरोबर कोणी ना कोणी येतं, आणि पहिल्याच जेवणात त्या पोराला घरातली सगळी भांडणं कळतात. चँडलरला हा सण आवडत नाही कारण तो नऊ वर्षांचा असताना याच दिवशी आईवडलांनी घटस्फोट घेतोय हे सांगितलं, हे पहिल्या सीझनमध्येच, नोव्हेंबर १९९४ च्या भागात आलंय, आणि चार वर्षांनी या भागात ते तसंच्या तसं ठेवलंय. तेव्हाही तो टर्की न खाता टोमॅटो सूप आणि ग्रिल्ड चीज खातो.

रेचलचं नाक पण बघा. प्रॉमच्या (शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या नाचाच्या पार्टीच्या) व्हिडिओच्या भागात मोनिका जाड आणि रेचलचं जुनं नाक, या भागात १९८७ ला दोघी तशाच, १९८८ ला मोनिका बारीक आणि रेचलचं नाक नवीन. जिथे त्यांनी लक्ष दिलं तिथे नीट दिलंय.


वहिनीसाहेब

खरंय, नाकाचं मी मुद्दाम तपासलं होतं, जुळतं.

पण रॉसच्या बायकोचं, कॅरलचं नाही जुळत! पहिल्या भागात रॉस हताश होऊन येतो कारण कॅरलने आजच घरातून सामान नेलं. तिला बायका आवडतात हे तुला कसं कळलं नाही म्हणून सगळे विचारत असतात त्याला. पुढच्याच भागात ती प्रेग्नंट असल्याचं सांगते आणि बेन जन्मतो मे १९९५ च्या भागात, म्हणजे दिवस राहिले साधारण ऑगस्ट १९९४ ला. आणि तुमच्या त्या १९९३ च्या फ्लॅशबॅकमध्ये रॉस फीबीला सांगतो की माझं लग्न मोडल्यात जमा आहे, कॅरल लेस्बियन आहे. म्हणजे १९९३ ला कळलं, तरी वर्षभर संसार चालू, बाळ पण, आणि सामान १९९४ ला गेलं?


जाईजुई

वहिनी, हा मुद्दा माझ्या मूळ पोस्टमध्ये असायला हवा इतका चांगला आहे. हा मला रेचलच्या घोळापेक्षा मोठा वाटतो, कारण पहिला भाग उभाच आहे रॉसच्या ताज्या दुःखावर. वर्षभर जुनं झालेलं दुःख असेल तर त्याचं ते दारातून आत येऊन पडेल आवाजात हाय म्हणणं लागतच नाही मग.

आणि उंबरठा, दहाव्या सीझनबद्दल तुमच्याशी सहमत. मोडायची तर काहीतरी मोठं मिळवायला मोडा. १९८७ ची पार्टी नसती तरी त्या भागात नट डॅनी डेव्हिटो होताच हसवायला.


नवीनपाखरू

मी अजून सातव्या सीझनपर्यंतच पोचलेय, तरी सगळं वाचलं. हे सगळं स्वतः तपासायचं तर कुठले भाग कुठल्या क्रमाने बघू?


जाईजुई

@नवीनपाखरू, आधी पहिला भाग, त्यात मोनिका नावं सांगते ती पाच सेकंद नीट ऐक. मग पहिल्या सीझनचा नववा, चँडलरच्या ग्रिल्ड चीजसाठी. मग दुसऱ्या सीझनचा चौदावा, प्रॉम व्हिडिओचा, तो तर असाही परत बघावा असाच आहे. मग तिसऱ्याचा सहावा, तो लक्ष देऊन बघ कारण जोई आणि कॅरल दोघांचा घोळ तिथूनच सुरू होतो. आणि मग पाचव्याचा आठवा. दहाव्याचा अकरावा मात्र आत्ता नको, तिथपर्यंत ओळीने ये आणि मग तुला काय वाटलं ते इथेच लिही, उंबरठाच्या बाजूने आहेस की नाहीस ते बघायचंय मला.